काचेवरची पंगत

नेराइट नावाच्या गोगलगाईला हजारो दात असतात! अंगठ्याच्या नखाएवढा जीव आणि तोंडात हजारो दात. हे कळल्यापासून मी घरात, ऑफिसात, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईला, जो ऐकेल त्याला सांगत सुटलेय. तिच्या तोंडात जिभेसारखी एक पट्टी असते, तिला रॅड्युला म्हणतात. त्या पट्टीवर दातांच्या रांगाच्या रांगा. पुढचे दात घासून झिजले की मागून नव्या रांगा पुढे सरकतात, आयुष्यभर. आणि यावर विश्वास बसण्यासाठी पुस्तक उघडायलाच हवं असं नाही. गोगलगाय फिशटँकच्या काचेला आतून चिकटलेली असली की बाहेरून काचेला नाक टेकवा आणि बघा. फिकट पायाच्या पुढच्या टोकाला तोंड उघडतं, आतून काहीतरी बारीकसं पुढे येतं, काच खरवडतं आणि आत जातं. परत उघडतं, खरवडतं, मिटतं. ती पुढे सरकली की मागे काचेवर नागमोडी स्वच्छ वाट उरते आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी थर तसाच. किती खाल्लं आणि किती बाकी आहे, ते डोळ्यांसमोर मांडलेलं!

या छंदात मी अगदी नवी आहे आणि मला थांबवत नाही, म्हणून सगळं लिहून टाकतेय. माझी टाकी लहान आहे: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण ४२ लिटर. पण खाली वाळू, वर थोडी मोकळी जागा, म्हणजे प्रत्यक्षात पाणी ३५ लिटरच्या आसपास. कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, मागे जावा मॉसचा झुपका, आणि मधे गप्पी. फक्त नर. निळ्या, केशरी, ठिपक्याठिपक्यांच्या शेपट्यांचे. आपल्याकडे महापालिकेची हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत जे गप्पी सोडतात, त्याच जातीचे हे. पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवल्यामुळे शेपट्यांची अशी निशाणं झालेली. मूळ दक्षिण अमेरिकेचा ईशान्य कोपरा आणि त्याला लागून असलेलं त्रिनिदाद बेट. त्रिनिदादहून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे नमुने पाठवले, १८६६ मध्ये तिथल्या ग्युंटर यांनी माशाला त्यांचं नाव दिलं. खरं तर पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन १८५९ मध्येच केलेलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्स यांचंच टिकलं. पण लोकांच्या तोंडी राहिला तो गप्पीच.

टाकी भरून काही आठवडे झाले आणि काचेवर, वाळूवर, फिल्टरच्या नळीवर तपकिरी पावडर उडवल्यासारखा थर आला. बोट फिरवलं की निघायचा, दोन दिवसांत परत यायचा. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. कित्येक वर्षांपासून मासे पाळणाऱ्या. त्यांना खाली बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टाकीशी वाकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, डायटम आलेत! नव्या टाकीत येतातच. पुसून टाकायची घाई करू नकोस, हे कुणाचं तरी जेवण आहे.”

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझी बघण्याची पद्धतच बदलली. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. प्रत्येक पेशीभोवती सिलिकाचं कवच. सिलिका म्हणजे ज्यापासून काच बनते तेच! म्हणजे काचेवर वाढणारा हा जीव स्वतःसुद्धा काचेच्याच डबीत राहतो. नव्या टाकीत वाळूतून, नळाच्या पाण्यातून सिलिकेट मिळत राहतं, पाण्यातले जिवाणू अजून स्थिरावलेले नसतात, आणि डायटमना मोकळं रान मिळतं. टाकी मुरली की ते आपोआप कमी होतात आणि त्यांच्या जागी हिरवी शेवाळं येतात.

“सकर घेऊन येऊ का?” मी विचारलं. कारण दुकानात गेलं की हेच ऐकू येतं: “मॅडम, हा सकर घ्या, टँक क्लीनर आहे, सगळी घाण खातो.” पिशवीत दोन-अडीच इंचांचा, ठिपक्यांचा, काचेला तोंडाने चिकटलेला मासा. दिसतो फार गोड. काकू म्हणाल्या, “तो फूट-दीड फुटाचा होतो गं. तुझी टाकीच दीड फुटाची.” आणि मग हळहळून सांगायला लागल्या की मोठे झालेले सकर लोक तळ्यात, नदीत सोडून देतात, तिथे ते बेसुमार वाढतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत, केरळच्या पाण्यांत हा दक्षिण अमेरिकेचा मासा आता ठाण मांडून आहे. त्याच्या अंगावर हाडांची खरखरीत कवचं असतात, मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांचं अन्न व जागा तो बळकावतो. शिवाय ‘घाण खातो’ हे मुळात खोटं. माशांची विष्ठा खाऊन टाकी साफ करणारा कुठलाच प्राणी दुकानात मिळत नाही. उलट सकर स्वतः इतकं खातो आणि इतकी विष्ठा टाकतो की लहान टाकीचं पाणी त्याच्यामुळेच बिघडतं.

“सफाई कामगार शोधू नकोस,” काकू म्हणाल्या. “शेवाळ हे जेवण आहे असं धर आणि त्या जेवणाला कोण येईल ते शोध. कुणाचं तोंड कसं आहे, कोण किती मोठं होतं, कुणाला पिल्लं किती होतात, एवढं बघ.”

त्या दिवसापासून माझी टाकी म्हणजे मला मासे ठेवलेला डबा वाटेनासा झाला. तिथे पंगत बसलेली दिसायला लागली, आणि प्रत्येक पाहुण्याच्या आवडीचा पदार्थ वेगळा!

पहिली आली नेराइट. लहान टाकीत दोन पुरे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या दोन आणल्या. डायटम तर त्यांनी भराभर संपवलेच, पण त्यांची खरी करामत पुढे कळली. जुन्या टाकीच्या काचेवर हिरवे बारीक कडक ठिपके धरतात. बोटाने निघत नाहीत, स्पंजाने निघत नाहीत, ब्लेडने खरवडावे लागतात. ते ठिपके खाणारं लहान टाकीतलं तोंड जवळजवळ हे एकच. मऊ ओठांच्या माशांना ते जमतच नाही; त्याला दातच हवेत, आणि दात कुणाकडे आहेत ते तुम्हाला आता माहीत आहे. गप्पी आणि नेराइट यांची एकमेकांशी काही भांडणंही नाहीत, कारण गप्पी पाण्याच्या वरच्या आणि मधल्या भागात हुंदडतात आणि ती काचेला धरून असते. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. टाकीला झाकण हवं, कारण ती रात्री काचेवरून चढत चढत बाहेरही येते. आणि वाळूवर उलटी पडलेली दिसली तर हाताने सुलटी करायची, कारण तिला स्वतःहून सुलटं होणं कठीण जातं.

आता पुढचं ऐका, कारण याच्यापुढे दातांचंही आश्चर्य फिकं पडतं. नेराइटची संख्या टाकीत वाढत नाही! ती अंडी घालते, भरपूर घालते. लाकडावर, दगडावर, काचेवर तिळाएवढे पांढरे कडक ठिपके दिसतात ते तिचेच. पण त्यातून बाहेर येणाऱ्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. निसर्गात या गोगलगाई समुद्राजवळच्या ओढ्यांत राहतात, अळ्या वाहत समुद्राकडे जातात, तिथे वाढतात आणि मग पुन्हा गोड्या पाण्याकडे सरकतात. गोड्या पाण्याच्या टाकीत ते बालपण घडूच शकत नाही. इतर काही गोगलगाई पाण्यात आल्या की महिन्याभरात शेकड्यांनी होतात. नेराइट दोन आणल्या तर दोनच राहतात. आणि या कुळाची आपल्याशी ओळख जुनी आहे. कोकणात ओहोटीला खडकांवर, खाडीत खारफुटीच्या खोडांवर लहान, गोलसर, जाड कवचाच्या गोगलगाई चिकटलेल्या असतात ना, त्यांत नेराइटच्या कुळातल्या पुष्कळ. लहानपणी सुट्टीत मी त्या खडकांवरून उड्या मारत गेलेय आणि त्यांच्याकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं. आता गेले की तासभर खडकावरच बसणार आहे!

समुद्रात बालपण काढून गोड्या पाण्यात राहायला येणारा आणखी एक पाहुणा आहे: अमानो श्रिम्प. चार-पाच सेंटिमीटरची, पारदर्शक, अंगावर तपकिरी ठिपके आणि तुटक रेघा असलेली कोळंबी. तिच्यामागची गोष्ट मला इतकी आवडली! ताकाशी अमानो नावाचे जपानी छायाचित्रकार होते, त्याआधी ते व्यावसायिक सायकलपटू होते. पाण्याखालची बाग रचण्याची एक संपूर्ण कला त्यांनी उभी केली आणि १९८२ मध्ये निइगाता भागात स्वतःची कंपनी काढली. बाग वनस्पतींची, वर भरपूर उजेड, मग तंतूसारखं हिरवं शेवाळ आलंच. औषध ओतण्याऐवजी ते खाणारा जीव शोधू लागले आणि त्यांना सापडली जपानच्याच ओढ्यांतली ही कोळंबी. तिला हजारोंनी मागवून त्यांनी टाक्यांत सोडलं आणि पुढे जगभरातले लोक तिला त्यांच्याच नावाने हाक मारायला लागले. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची पाण्याखालची बाग रचली आणि त्याच वर्षी ते गेले. एवढ्या मोठ्या कलेच्या तळाशी ही बोटभर कोळंबी बसून चिमट्यांनी शेवाळाचे धागे वेचत असते, हे मला फार भारी वाटतं.

माझ्याकडे मात्र तिची छोटी चुलत बहीण आहे: चेरी श्रिम्प. मूळची तैवान-चीनकडची, अडीच-तीन सेंटिमीटरची, लालभडक. लहान टाकीला हिचा आकार अगदी नेमका. गप्पीचं तोंड इवलंसं, मोठ्या चेरीला तो काही करत नाही. जवळून आला तर ती टुणकन मागे उडी मारते आणि परत खायला लागते. आणि तिचं खाणं! भिंग घेऊन बघा. पुढच्या पायांच्या टोकांना चिमटे असतात आणि चिमट्यांना केसांचे बारीक झुबके. एक हात वेचतो, तोंडाकडे नेतो, तोवर दुसरा वेचायला गेलेला. डावा, उजवा, डावा, उजवा, क्षणाचीही उसंत नाही. पानाची कड, मॉसचा प्रत्येक कोंब, स्पंज फिल्टरचं प्रत्येक भोक. ती मऊ शेवाळ खाते, आणि डोळ्यांना न दिसणारा जिवाणूंचा जो पातळ थर सगळ्यावर धरतो तोही खाते. काच खरवडणं तिच्या हातचं नाही. ते काम नेराइटचं. मॉसच्या फटीत शिरणं नेराइटच्या आवाक्यातलं नाही, ते चेरीचं. एकाच टाकीत दोघींची जेवणाची पानं वेगळी!

चेरी श्रिम्पच्या मादीच्या डोक्यामागे पाठीवर पिवळसर डाग दिसतो, तो तिच्या अंडाशयाचा. आत अंडी तयार होत असतात. मग एक दिवस तीच अंडी पोटाखाली येतात, शेपटीखालच्या पोहण्याच्या पायांत धरलेली, आणि ती सतत पाय हलवून त्यांना ताज्या पाण्याचा वारा घालत राहते. तीन-चार आठवडे. नंतर बाहेर येतं ते पिल्लू म्हणजे आईची हुबेहूब छोटी प्रत, मिलिमीटरभराची. अमानोसारखी समुद्राची फेरी नाही, अळीची अवस्था नाही, थेट शेवाळ वेचायला सुरुवात! ही पिल्लं मात्र गप्पींना खाऊच वाटतात. म्हणून मॉस घनदाट हवं. काकू म्हणतात, “मॉस जितकं दाट, तितकी तुझी श्रिम्प वाढणार. थोडी गप्पी खातील, थोडी वाढतील, चालायचंच.” या लहान टाकीत तो हिशोब आपोआप जुळतो.

गप्पींचं उलट. गप्पीची मादी अंडी घालतच नाही, थेट पोहणारी पिल्लं देते, साधारण महिन्याच्या अंतराने, एका खेपेला वीस, तीस, कधी पन्नासच्या घरात. शिवाय एकदा नराशी संबंध आला की कित्येक महिने पुरेल एवढं बीज साठवून ठेवते, म्हणजे नर काढून घेतला तरी पिल्लं येतच राहतात. ३५ लिटरला हे झेपणारं नाही. पिल्लं वाढली की खाणं वाढतं, विष्ठा वाढते, पाण्यात नायट्रेट वाढतं आणि त्यावर शेवाळ आणखी फोफावतं. म्हणून काकूंनी मला आधीच बजावलं होतं की लहान टाकीत फक्त नर ठेव. जन्माच्या तीन तऱ्हा बघा: गप्पी थेट पिल्लं देणारा, चेरी पोटाखाली अंडी वागवणारी, नेराइट आणि अमानो समुद्रावाचून वंश न वाढवणाऱ्या. लहान टाकीत कुणाला सोबत ठेवायचं हे ठरवताना तोंडाइतकंच हेही बघावं लागतं, आणि हे बघता बघता आपण केवढं शिकून जातो!

माझ्या डोळ्यांत भरलेला चौथा पाहुणा म्हणजे ओटोसिंक्लस, लाडाने ओटो. सकरच्याच कुळातला, पण हा जेमतेम चार सेंटिमीटरचा होऊन थांबतो. अंगावर तशीच बारीक हाडांची कवचं, बाजूने एक काळी रेघ. काकूंच्या मोठ्या टाकीत पाच-सहा आहेत. तोंड गोल, काचेला चिकटणारं, आणि चिकटलेल्या अवस्थेतच तो श्वासही घेतो! पानाला वरून, खालून, देठापासून टोकापर्यंत पद्धतशीर चाटत जातो आणि पानाला ओरखडासुद्धा उमटत नाही. मधेच सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा त्याच पानावर. दुकानात आलेले ओटो बहुतेक नदीतून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहिलेले असतात. घेताना पोटाकडे बघायचं: पोट गोल हवं, आत गेलेलं असेल तर तो मासा वाचवणं फार अवघड. त्याला मुरलेली टाकी लागते, महिनोन् महिने चाललेली, जिथे सगळीकडे शेवाळाचा पातळ थर धरलाय. त्याला सोबतीला स्वतःच्या जातीचे पाच-सहा तरी लागतात. आणि गप्पीला जडसर पाणी आवडतं, ओटोला हलकं; दोघांना एकत्र ठेवायचं तर मधलं, सात-साडेसात पीएचचं पाणी साधावं लागतं. माझी टाकी त्याच्यासाठी अजून कोवळी आहे. मी वाट बघतेय, आणि ती वाट बघण्यातसुद्धा मजा आहे.

पाण्यावरून आठवलं. गप्पी, गोगलगाय आणि कोळंबी यांचं एकमेकांशी जमतं याचं एक कारण पाण्यातच आहे: तिघांनाही क्षार असलेलं पाणी मानवतं. गोगलगाईला कवच वाढवायला कॅल्शियम हवं, कोळंबीला जुनं कवच टाकून नवं घडवायला हवं. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी हलकं, म्हणून काकूंनी मला समुद्रफेनाचा तुकडा टाकायला सांगितला. पिंजऱ्यातल्या पोपटाला चोचीने घासायला देतात तोच. माकुलासारख्या समुद्री प्राण्याच्या अंगातला तो चुन्याचा तुकडा टाकीत हळूहळू विरघळतो आणि माझ्या नेराइटच्या कवचाच्या कडा चकचकीत राहतात. कोळंबीने टाकलेलं पारदर्शक कवच वाळूवर दिसलं तर ते मेलेली कोळंबी समजून काढायचं नाही. तीच ते खाऊन टाकते आणि कॅल्शियम परत मिळवते. काहीच वाया जात नाही!

कोळंबी नाजूक मात्र आहे. नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीन हवंच. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. माशाला बरं करणारी ती मात्रा कोळंबी आणि गोगलगाय दोघींच्या जिवावर उठते, म्हणून बाटलीवरचं वाचल्याशिवाय टाकीत थेंबही नाही. नवी कोळंबी आणली की पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी हळूहळू एकत्र करायचं. काकूंनी त्यासाठी मेडिकलच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी दाखवली: चाक फिरवलं की थेंब थेंब टाकीचं पाणी भांड्यात पडतं आणि तास-दोन तासांत कोळंबी नव्या पाण्याला सरावते. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं की झाकणाच्या जागी जाळी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा. बाष्पीभवन वाढतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. माठाचं शास्त्र इथेही चालतं!

आता एक खरं सांगायलाच हवं, कारण ते कळल्यावरच मला हा सगळा खेळ नीट उमगला. सगळ्या शेवाळाला खाणारा मिळत नाही. निळसर-हिरवा, चिकट, कुबट वासाचा, चादरीसारखा निघणारा थर आला तर तो शैवाल नाहीच. ते सायनोबॅक्टेरिया, आणि त्यांना नेराइट, चेरी, ओटो कुणीच तोंड लावत नाही. काळ्या दाढीसारखे झुपके येतात त्यांना खाणारा सयामीज अल्गी ईटर १५ सेंटिमीटरचा होतो, माझ्या टाकीत तो मावणार नाही. त्याच्याशी गल्लत करून विकला जाणारा चायनीज अल्गी ईटर तर मोठेपणी शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो आणि त्यांचा बुळबुळीत थर ओरबाडतो. गप्पींच्या जवळपासही नको. अशा वेळी उपाय एकच, मुळाशी जायचं. दिवा दिवसाला सहा ते आठ तास, टायमर लावून. टाकीवर थेट ऊन नको. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं. उजेड आणि खत जितकं, शेवाळ तितकं. आणि पाहुणे खाऊ शकतील तेवढंच शेवाळ उगवू द्यायचं. हा तोल एकदा हाताला लागला की काय आनंद होतो!

आणि गप्पी? ते या पंगतीत नुसते बघे नाहीत. माझे नर दिवसभर मॉसवर, दगडांवर चोची मारल्यासारखे टोचत असतात. मला वाटायचं, उगाच. मग कळलं की तेही शेवाळ खातात! त्रिनिदादच्या डोंगरओढ्यांत धबधब्यांच्या वर मोठे शिकारी मासे पोचत नाहीत; तिथले गप्पी जास्त शेवाळ आणि गाळातले कण खातात, आणि खाली शिकाऱ्यांमध्ये राहणारे गप्पी जास्त करून किडे. त्याच ओढ्यांत १९७०च्या दशकात जॉन एंडलर यांनी नरांच्या अंगावरचे रंगीत ठिपके मोजले. शिकारी कमी तिथे रंग जास्त, शिकारी जास्त तिथे रंग फिके. १९८० मध्ये त्यांनी हे प्रयोगांसह मांडलं आणि उत्क्रांती काही पिढ्यांत डोळ्यांदेखत घडते हे दाखवणारं ते एक गाजलेलं उदाहरण झालं. दिवाणखान्यातल्या माझ्या केशरी शेपटीच्या माशामागे एवढं सगळं आहे!

शेवाळ खाणारे आपल्या नद्यांतही आहेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची वर्णनं केली, त्यातला एक आज ‘गारा मुल्या’ या नावाने ओळखला जातो. खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहायचं आणि दगडावरचं शेवाळ खरवडायचं, हे त्याचं आयुष्य. तो वेगवान पाण्याचा, भरपूर प्राणवायूचा मासा. त्याची जागा सह्याद्रीतल्या ओढ्यांत, दीड फुटी टाकीत नव्हे. पण पावसाळ्यानंतर कुठल्याही ओढ्याकाठी गेलात तर पाण्यातल्या दगडांकडे नीट बघा. हिरव्या थरात बारीक खरवडलेल्या खुणा दिसल्या तर समजा, कुणीतरी जेवून गेलंय.

शेवाळ संपलं तर काय, हा प्रश्न आता मला भीती घालत नाही, उलट मजा आणतो. उकळत्या पाण्यातून काढलेली दोडक्याची चकती, पालकाचं पान, काकडीची फोड, जे घरात असेल ते संध्याकाळी टाकीत सोडायचं आणि सकाळी उरलेलं काढून घ्यायचं. चकती तळाला लागते न लागते तोच चेरी चारी बाजूंनी धावत येतात! दुसरा पदार्थ तर रस्त्यावर फुकट पडलेला असतो: देशी बदामाचं आपोआप गळून वाळलेलं तपकिरी पान. फवारणी होत नसलेल्या झाडाखालचं घ्यायचं, धुऊन टाकायचं. पाणी किंचित तपकिरी होतं, पानावर जिवाणूंचा थर धरतो आणि काही आठवड्यांत कोळंब्या त्या पानाची नुसती शिरांची जाळी उरवतात.

आणि सगळ्यात मोठी गंमत: मी आता शेवाळ मुद्दाम वाढवते! पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी काचेच्या बरणीत भरते, त्यात नदीतले गुळगुळीत दगड घालते आणि बरणी गॅलरीत उन्हात ठेवते. त्या पाण्यात माशांचं खत आधीच असतं. काही दिवसांत दगडांवर मऊ हिरवी लव धरते. मग एक दगड टाकीत, एक परत बरणीत, अशी आलटून पालटून फेरी. हिरवा दगड आत गेला की तासाभरात त्यावर गोगलगाय चढलेली, कोळंब्या बिलगलेल्या आणि एखादा गप्पीही मधे तोंड घालणारा.

तुमच्या घरी गप्पी असतील, टाकी लहान असेल आणि काचेवर नुकताच हिरवा-तपकिरी थर धरायला लागला असेल, तर दुकानात जाऊन सफाईवाला शोधू नका आणि चारही काचा घासत बसू नका. टाकी मुरू द्या, दोन नेराइट आणा, मॉस दाट होऊ द्या, मग आठ-दहा चेरी सोडा. आणि काच पुसायची ती फक्त समोरची, म्हणजे तुम्हाला आतलं दिसेल. बाकीच्या तिन्ही काचा त्यांच्या.